मागच्या सीटवर एकावन्न किलो

सकाळी साडेसातला आमच्या घरात तीन आवाज एकदम चालू असतात. गॅसवर फसफसणारं दूध, न्हाणीघरात ह्यांचं खाकरणं आणि मिक्सर. त्या गुरुवारी मिक्सरने मान टाकली होती, म्हणून दारावरची थाप मला नीट ऐकू आली. दोन हलक्या, एक जोराची. वायरमामांची थाप.

दाराला बेल आहे, पण मामा ती वाजवत नसत. "तिची वायर कुणी जोडलीय ते मला माहीत नाही. मग तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" असं त्यांचं म्हणणं.

दार उघडलं तर मामा उभे. एका काखेत वही, दुसऱ्या काखेत जुन्या स्वेटरच्या कापलेल्या बाहीत गुंडाळलेला स्कॅनर. चेहरा परीक्षेला आल्यासारखा.

"ताई, आज मी तुमच्याकडे बसणार. संध्याकाळपर्यंत."

"गाडी मागेच आहे, मामा. चावी देते."

"गाडी दोनदा बघून झाली. आज घर बघायचंय."

हे ऐकता ऐकता माझं दूध उतू गेलं.

वायरमामा हे काही माझे खरे भाऊ नव्हेत. गल्लीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड आहे आणि ते गाड्यांची वायरिंग बघतात. माझी लेक लहान असताना तिची खेळण्यातली मोटार त्यांनी दोन तारा जोडून पळवून दाखवली, तेव्हा तिने त्यांना हे नाव दिलं. ते आधी गल्लीला चिकटलं, मग बाजाराला, आणि आता त्यांच्या बायकोलाही लोक वायरमामीच म्हणतात. मुलीचे मामा म्हणून मी त्यांची ताई, आणि आमचे हे त्यांचे दाजी. ह्यांना ते फारसं आवडत नाही. दाजी म्हटलं की मान द्यावा लागतो आणि बिलावर घासाघीस करता येत नाही.

मामांनी सुरुवात केली ती रेडिओ दुरुस्तीपासून. रेडिओ गेले, टेप आले. टेप गेले, तेव्हा ते गाड्यांच्या हॉर्न आणि दिव्यांकडे वळले. मग गाड्यांच्याच पोटात कॉम्प्युटर आले. तेव्हा मामा पन्नाशीला टेकलेले. त्यांनी स्कॅनर घेतला आणि त्याचं जाडजूड पुस्तक चार महिने पाठ केलं. मामी सांगतात, "लग्न झाल्यापासून मला कुठं दुखतं ते एकदाही विचारलं नाही. पण गाडीला कुठं दुखलं की कुठला आकडा येतो, ते झोपेत विचारा."

हा आकडा म्हणजेच कोड. हल्लीच्या गाडीला काही खुपलं की ती स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लावते आणि आपल्या पोटात एक आकडा लिहून ठेवते. मामांचा स्कॅनर गाडीला जोडला की तो आकडा पडद्यावर येतो. बाकीचे मेकॅनिक आकडा बघतात, तो पार्ट बदलतात, मोकळे होतात. मामांचं तसं नाही. "आकडा सांगतो कुठं दुखतं. का दुखतं ते गाडीला काय माहीत? पोरगं पोट धरून रडतं, कच्चे पेरू खाल्ले ते सांगतं का?"

म्हणून त्यांच्या वहीत प्रत्येक गाडीला एक पान आणि प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे 'गाडी काय म्हणाली', उजवीकडे 'खरं काय होतं'. ही वही मी एकदा शेडमध्ये बसून वाचली आहे आणि तेव्हापासून गल्लीतल्या बऱ्याच लोकांकडे बघताना मला हसू दाबावं लागतं. एका पानावर डावीकडे 'इंजिन अडखळतं' आणि उजवीकडे 'उंदीर. जोडपं.' दुसऱ्यावर डावीकडे 'चाकाच्या वेगाची खबर मिळत नाही', उजवीकडे 'जावयाने गाडी धुतली. सासऱ्याला खूश करायला.' आणखी एका पानावर 'ब्रेकचं बटण सतत दाबलेलं'. त्यासमोर, 'पाय कायम ब्रेकवर. नवीन लग्न, बायको शेजारी.' उजवा रकाना भरल्याशिवाय मामा पान उलटत नाहीत, आणि त्या रकान्यात त्यांनी आजवर खोटं लिहिलेलं नाही.

शेडवर त्यांचा बोर्ड आहे. 'दिवा विझेल. परत पेटणार नाही.' एवढंच. नाव नाही, फोन नाही.

आमच्या गाडीने नेमकी ह्या बोर्डाची लाज काढायला घेतली होती. महिन्यात दिवा तीनदा पेटला. पहिल्या दोन्ही वेळी हे शेडमध्ये चावी खुळखुळवत उभे राहिले. "मामा, आटपा, मला उशीर होतोय." मामांनी घाईत कोड बघितला आणि पुसला. दिवा विझला, हे खूश. आठवडा-दहा दिवसांनी दिवा पुन्हा हजर. आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी, तो तिसऱ्यांदा पेटला तेव्हा ह्यांनी जाहीर केलं की सोमवारी गाडी कंपनीच्या वर्कशॉपात जाणार. तिथल्या माणसाने फोनवरच सांगितलं होतं की आतली गाळणी अख्खी बदलावी लागेल.

हे बोलणं झालं ते स्पेअर पार्टवाल्याच्या दुकानात, चार लोकांसमोर. पार्टवाला मामांचा जुना दोस्त, म्हणजे टोमणे मारायचा परवाना असलेला माणूस. तो म्हणाला, "मामा, आता हा विझवला आणि पुन्हा पेटला, तर बोर्ड उतरवायचा. शिडी माझी." मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, "उतरवीन." आणि संध्याकाळी पार्टवाल्याने खरोखरच शिडी आणून शेडला टेकवून ठेवली.

एवढी सगळी कथा घेऊन मामा त्या सकाळी आमच्या दारात उभे होते.

हे टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. "काय मामा, दिवा विझवला?"

"नाही विझवला. आता विझवीन तो शेवटचा. त्याआधी कारण पाहिजे." मामांनी वही उघडली. "दाजी, कोड लिहिताना गाडी त्या क्षणाचे आकडे पण धरून ठेवते. फोटो काढल्यासारखे. कोड पुसला की फोटो पण जातो. पहिले दोन फोटो मी माझ्या हाताने पुसले, तुमच्या खुळखुळ्याच्या नादात. काल तिसरा नीट बघितला. वेग शून्य. इंजिन चालू होऊन बावीस मिनिटं झालेली. म्हणजे गाडी एका जागी उभी, आणि बावीस मिनिटं इंजिन घुरघुरतंय. कोण बसतं गाडीत?"

"कुणीच नाही," हे म्हणाले. "मी ऑफिसच्या बसने जातो, गाडी बाजारापुरती कधीमधी निघते. तुमचं यंत्र म्हातारं झालंय, मामा."

"यंत्र म्हातारं होतं, खोटारडं होत नाही. कधीचा फोटो ते मात्र सांगत नाही बिचारं. म्हणून बसायचंय."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत होत्या. पेपर उलटा नव्हता, एवढं खरं. पण पान मात्र पाच मिनिटं तेच होतं.

"बसू दे की त्यांना," त्या पेपरामागून म्हणाल्या. "मिक्सर तरी बघतील."

हे बसला पळाले. लेक शाळेत गेली. मामांनी स्वयंपाकघरात मागच्या खिडकीशी ठाण मांडलं. आमच्या घराच्या मागे पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याचं छप्पर आहे, गाडी तिथे भिंतीला तोंड करून उभी असते. रस्त्यावरून ती दिसत नाही, शेडमधूनही दिसत नाही. दिसते ती फक्त आमच्या खिडकीतून. आणि खिडकीखाली आमचा ओटा. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो मीच घातला होता.

दुपारपर्यंत मामांनी मिक्सर केला. इस्त्रीची वायर बदलली. टेबलफॅनची मान सरळ केली. मग बेल उघडून तिची वायर नव्याने जोडली आणि तिच्याकडे पहिल्यांदाच मायेने बघितलं. दर थोड्या वेळाने ते खिडकीबाहेर नजर टाकत. गाडी आपली गप्प.

"ताई, चावी कुठं असते?"

"ह्या दाराच्या मागे खिळ्याला."

"कोण कोण हात लावतं?"

"सगळेच. त्याच खिळ्याला बाजाराची पिशवी असते."

मामांनी मान डोलावली. त्यांची ही पद्धत मला ठाऊक होती. आधी गाडीबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. घरात पाहुणे आले होते का, कुणी नवीन बूट घेतले का, भांडण झालं का, असलं विचारतात. लोकांना वाटतं मामा चौकस आहेत. ते चौकस आहेतच, पण कामापुरते.

तीन वाजले. सासूबाई उठल्या. त्यांनी पायपुसणं उचललं आणि म्हणाल्या, "मी जरा हे झटकून येते." त्या ते रोज तीनला झटकतात. महिनाभर झटकताहेत. आमचं ते पायपुसणं इतकं स्वच्छ आहे की त्याला पाय पुसायची लाज वाटते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण सासूबाई दुपारी वीस-पंचवीस मिनिटं दिसेनाशा झाल्या, तर सुनेने त्याची फार चौकशी करू नये, एवढं मला चौदा वर्षांच्या संसाराने शिकवलं आहे.

त्यांनी पायपुसण्यासाठी हात पुढे केला, तसा तो वाटेत खिळ्यापाशी जरासा अडखळला. मी बघितलं. मामांनी बघितलं. आम्ही दोघांनीही मिक्सरकडे बघितलं.

सासूबाई मागच्या दाराने गेल्या. दोन मिनिटांनी पत्र्याखालून घर्रर्र असा आवाज आला आणि गाडीच्या मागच्या नळीतून धुराची एक करडी फुंकर निघाली. मामांनी घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं.

सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, ड्रायव्हरच्या शेजारच्या. त्यांना गाडी चालवता येत नाही. चावी फिरवली की थंड हवा येते, एवढंच त्यांना ह्यांच्याकडे बघून बघून कळलेलं. काचा वर. कानाला फोन. आणि त्या हसत होत्या. हसणं म्हणजे तोंडावर पदर धरलेलं नव्हे. मान मागे टाकून, दात दाखवत, मांडीवर थाप मारत. मी त्यांना असं हसताना ह्या घरात आल्यापासून दोनदाच बघितलं आहे, आणि दोन्ही वेळी समोर त्यांची धाकटी बहीण होती.

"कळलं," मी म्हणाले.

"मला नाही कळलं," मामा म्हणाले.

मग मी त्यांना सांगितलं. सहा वर्षांपूर्वी ह्यांनी ही गाडी घेतली आणि पहिल्यांदाच हौसेने नदीपलीकडच्या गावाला मावशींकडे, म्हणजे ह्याच धाकट्या बहिणीकडे, नेली. मावशींची जीभ म्हणजे कात्री. गाडी दारात लावताना ह्यांनी तीनदा पुढे-मागे केली, तेव्हा मावशी तिथे आलेल्या माझ्या माहेरच्या माणसांसमोर म्हणाल्या, "गाडी घेतली छान झालं. आता चालवणारा बघा कुणीतरी. ह्याच्याने ती फक्त ढकलवेल." सगळे हसले. हे हसले नाहीत. परत येताना ह्यांनी स्टिअरिंगवर मूठ आपटून सांगितलं की माझी गाडी पुन्हा तिच्या दारात उभी राहणार नाही. तेव्हापासून घरात मावशींचं नाव निघालं की हे उठून दुसऱ्या खोलीत जातात. आमच्याकडे खोल्या तीन, माणसं चार, आणि दाराला कडी फक्त न्हाणीघराला. हाक मारली की तिन्ही खोल्यांत ऐकू जाते. सासूबाई मुलापुढे बोलल्या नाहीत. आणि आता त्याच गाडीत बसून, काचा लावून, इंजिनच्या आवाजाआड त्या बहिणीशी बोलत होत्या.

मामा बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले. "एकवीस... बावीस." गाडी बंद झाली. "बरोबर. डिझेलच्या गाडीत धुरातली काजळी धरायला गाळणी असते, ताई. गाडी लांब, जोरात पळाली की गाळणी तापते आणि काजळी जळून राख होते. उभ्या गाडीत ती तापतच नाही. रोज बावीस मिनिटं नुसती काजळी. गाळणी तुंबणार नाही तर काय होईल? ती बदलली तरी महिन्यात नवी पण तुंबेल."

"मग सापडलं की कारण."

"सापडलं," ते उदास होऊन म्हणाले. "आता करू काय त्याचं? दाजींना सांगितलं तर काकूंचं बोलणं बंद. नाही सांगितलं तर दिवा पुन्हा पेटणार, माझा बोर्ड खाली आणि पार्टवाला शिडीवर उभा राहून भाषण करणार."

मागचं दार वाजलं. सासूबाई पायपुसणं घेऊन आत आल्या. चेहरा लाल, डोळे पाणावलेले, आणि तोंडावर अळीमिळी गुपचिळी. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"फार धूळ असते हल्ली," त्या म्हणाल्या.

"हो ना," मामा गंभीरपणे म्हणाले. "काजळी पण फार."

सासूबाई आत गेल्या. मामांनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला. ते विचार करताना असं करतात. पाच मिनिटांनी त्यांनी तो काढला, आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक दिसली ती मला मुळीच साधी वाटली नाही.

"ताई, काकूंचं वजन किती असेल हो?"

संध्याकाळी हे आले, तेव्हा मामा हॉलमध्ये वही मांडीवर घेऊन डॉक्टरसारखे बसले होते. सासूबाई कोपऱ्यात मटार सोलत होत्या. मामांनी ह्यांना गाळणी, काजळी सगळं समजावलं. फक्त बावीस मिनिटांना हात लावला नाही.

"थोडक्यात, गाडीला काही झालेलं नाही, दाजी. ती घरात बसून कंटाळलीय. तिला मोकळ्या रस्त्यावर पळवायचं. चाळीस मिनिटं, मध्ये न थांबता. महिन्यातून दोनदा."

"एवढंच? मग रविवारी उत्तरेच्या रस्त्याने नेतो."

"तिकडे खड्डे. वेगच धरता येणार नाही."

"दक्षिणेला?"

"सिग्नल. दर दोन मिनिटांनी थांबणार."

"मग राहिला कुठला?"

"नदीपलीकडचा," मामा वहीत बघत म्हणाले, जणू तिथे नकाशा होता.

नदीपलीकडचा रस्ता चाळीस मिनिटांनी कुठे जातो, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मटार सोलायचा आवाज थांबला.

"आणि मागच्या सीटवर वजन लागेल," मामा म्हणाले. "डाव्या बाजूला. पन्नास-बावन्न किलो."

"वजन कशाला?"

"इंजिनाला ओझं पाहिजे. ओढायला लागलं की ते तापतं, आणि ते तापलं की गाळणी तापते." हे अगदीच खोटं नव्हतं. डाव्या बाजूचं मात्र खोटं होतं.

"सिमेंटची गोणी टाकतो."

"गोणी वळणावर घसरते. तिला पट्टा पण लावता येत नाही. त्यापेक्षा माणूस बरा."

कोपऱ्यातून, मटारकडेच बघत, सासूबाई म्हणाल्या, "माझं वजन एकावन्न आहे."

ह्यांनी आईकडे बघितलं, मग मामांकडे, मग माझ्याकडे. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. ह्यांना काही कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण सहा वर्षं उराशी बाळगलेला हट्ट माणूस असाच सोडत नाही. त्याला सोडायला निमित्त लागतं, आणि ते इंजिनाचं असेल तर मान खाली घालावी लागत नाही.

"यंत्र म्हणतंय तर करायला पाहिजे," हे म्हणाले.

रविवारी आम्ही निघालो. हे चालवायला, शेजारी मामा मांडीवर स्कॅनर घेऊन, मागे उजवीकडे मी, डावीकडे एकावन्न किलो. एकावन्न किलोंनी नवी साडी नेसली होती. हातात पिशवी होती आणि पिशवीत काय आहे ते सांगायला नकार होता.

"काजळी चौऱ्याण्णव टक्के," मामा म्हणाले. "चला."

पूल ओलांडला. रस्ता मोकळा होता. पंधरा मिनिटं आकडा हललाच नाही, आणि मामांच्या कपाळावर घाम आला. बोर्ड त्यांच्या डोळ्यांसमोर उतरत असणार. मग ते पुटपुटले, "तापली. आता धरली." शहाऐंशी. एकाहत्तर. जरा जळकट वास आला. ह्यांनी पाय उचलला तसे मामा ओरडलेच, "पाय काढू नका, दाजी, हीच वेळ आहे." पंचावन्न. चाळीस. मीसुद्धा वाकून बघायला लागले. सासूबाई बघत नव्हत्या. त्या खिडकीबाहेरची झाडं मोजत होत्या. त्या रस्त्यावरचं एकेक झाड त्यांच्या ओळखीचं होतं.

गावाची कमान दिसली तेव्हा आकडा अठरावर होता. ह्यांनी विचारलं, "वळवू का मागे?"

"अजून पाच मिनिटं. अर्ध्यात सोडलं तर सगळं पाण्यात."

पाच मिनिटांत त्या गावात एकच गल्ली येते. हे गल्लीत शिरले. आकडा अकरावर आला. मामांनी श्वास रोखून कोड पुसण्याचं बटण दाबलं. पिवळा दिवा विझला. "थांबा आता," ते म्हणाले.

ह्यांनी शब्द मोडला नाही. गाडी मावशींच्या दारात उभी केली नाही. शेजारच्या दारात केली, एका झटक्यात, भिंतीपासून बरोबर हातभर अंतरावर.

मावशी ओट्यावरच होत्या. तीन दिवस तिथेच बसून असाव्यात असा चेहरा. त्यांनी गाडीकडे बघितलं, भिंतीपासूनचं अंतर बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं.

"चालवता यायला लागली वाटतं."

"नाही," हे म्हणाले. "ढकलतच आणली. चौघांनी."

मावशींनी तोंडाला पदर लावला. हसल्या की रडल्या ते मला दिसलं नाही, कारण मध्ये सासूबाई आल्या. पिशवी तशीच गाडीत राहिली.

दिवा नंतर पेटला नाही. सोमवारी गाडी वर्कशॉपात गेली नाही. बोर्ड जागेवर राहिला आणि पार्टवाला चडफडला. "कारण काय होतं ते सांग, मगच शिडी नेतो." मामा सांगेनात. शिडी शेडला टेकून राहिली, आणि मामींनी तिच्यावर फडकी वाळत घालायला सुरुवात केली. शेवटी एकदा मामा चहाला गेले असताना पार्टवाल्याने वही उघडली. आमच्या पानावर डावीकडे 'काजळी साचली' असं होतं. उजवीकडे 'घरात जागा कमी.'

"गाडीत जागा कमी म्हणायचंय का तुला?" त्याने विचारलं.

"लिहिलंय ते बरोबर आहे," मामा म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. मावशींचा फोन आता उघड उघड हॉलमध्ये वाजतो. हे स्वतः उचलतात, आणि दोघं एकमेकांना असे टोमणे मारतात की शेजारी ऐकायला थांबतात. सगळं मार्गी लागलं, असं मी धरून चालले होते.

एका मंगळवारी सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं तर मामा. बेलची वायर आता त्यांनीच जोडलेली होती ना. काखेत वही नव्हती, स्कॅनर नव्हता. त्यांनी आधी चपला नीट ओळीत लावल्या, हे लक्षण काही बरं नव्हतं.

"काल दाजींनी गाडी हवा भरायला आणली होती. मी सहज आकडा बघितला. मागच्या खेपेच्या रविवारी तुम्ही परत आलात तेव्हा अकरा होता. आठ दिवसांत एकोणचाळीस झालाय."

कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वर गेला.

"काकू," मामा म्हणाले.

पेपर खाली आला. सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. ह्या वेळी त्यांनी धुळीचं नाव काढलं नाही.

"आता घरात सगळेच बोलतात तिच्याशी," त्या म्हणाल्या. "आधी हा बोलतो, मग नात, मग ही. माझ्यापर्यंत फोन येतो तोवर तिचा घसा बसलेला असतो. सगळ्यांसमोर काय बोलायचं? बरी आहेस ना, बरी आहे. गाडीत कसं, दार लागतं."

मी गॅस बारीक केला. चौदा वर्षांत त्यांनी माझ्याकडे साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. एक दार मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मामांनी आपल्या पायांच्या बोटांकडे बघितलं. मग दोन्ही हात जोडून, अगदी हळू, त्यांनी सांगितलं.

"काकू, गाडीत बसा. रोज बसा, हवं तेवढं बोला. काच चार बोटं खाली ठेवा, मी एक बॅटरीचा पंखा बसवून देतो. माझं एवढंच ऐका. चावी फिरवू नका."